सात मिनिटं पुढे

बाबा,

माझं घड्याळ सापडलं. भिंतीवरचं नाही, मनगटावरचं तर नाहीच नाही. बारावीच्या सुट्टीत तुमच्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर मी लिहिलं होतं ना, पडद्यावर चांदण्यांचे मोठे मोठे आकडे उमटवणारं, ते. डिस्कबरोबर गेलं असं तुम्ही मला सांगितलं होतं, ते. गेलं नव्हतं, बाबा. चांगलं पंचवीस वर्षं धडधाकट होतं, कुठल्या कुठल्या देशांत लोक ते चालवून बघत होते, आणि त्याच्या डोक्यावर दादाचं नाव होतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तुम्ही असतात तर आत्ता फोन लावला असता आणि आधी मनसोक्त भांडले असते. आता कागदावर भांडणं आलं. दोन्ही बाजू मीच लढवायच्या, म्हणजे तुम्ही नेहमीसारखे सुटलात.

सापडलं कसं ते सांगते. शनिवारची दुपार होती. हिल्सबरोचं आमचं घर तुम्ही पाहिलं आहे, ओट्यासमोरच्या खिडकीतून खाडीचा तुकडा दिसतो ते. मी पोळ्या करत होते आणि लेक टेबलाशी बसली होती. तुम्ही पाहिलीत तेव्हा तीन वर्षांची होती, आता माझ्यापेक्षा उंच आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिच्या मामाने त्याचा जुना लॅपटॉप तिला दिला होता, आतलं नेहमीचं सगळं काढून त्यावर लिनक्स टाकून. तिने एक काळी खिडकी उघडली, वर नुसती अक्षरं आणि लुकलुकणारा ठोकळा. मी लाटता लाटता मान वळवली आणि माझ्या तोंडून गेलं, "अगं, हे तर बाबांच्या युनिक्ससारखंच दिसतंय! मी यावर घड्याळ केलं होतं." ती हसली. "अ‍ॅज इफ, मम. यू कान्ट इव्हन फिक्स द प्रिंटर." तिची चूक नाही. तिने मला आयुष्यभर गोळ्यांच्या बाटल्यांवर लेबलं चिकटवतानाच पाहिलं आहे. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, "शोध मग. नुसत्या अक्षरांचं घड्याळ, अशाच काळ्या खिडकीत चालणारं. एखादं तरी असेलच. म्हणजे कळेल तुला मी कशाबद्दल बोलतेय ते." एखादं कसलं, ढिगाने निघाली. एक कोपऱ्यात चिमुकलं बसणारं, एक रंगीबेरंगी, एक नुसत्या शून्य-एकमध्ये वेळ सांगणारं. मी प्रत्येकाला नाक मुरडत होते. "असं नाही गं. मोठे आकडे. पडदाभर." ती शोधत राहिली आणि मी पोळ्या करत राहिले.

तुम्हाला तो मे महिना आठवतो का? मला तर वासासकट आठवतो. रविवारी कंपनी बंद, पण तुम्हाला बॅकअप घ्यायला जावं लागायचं, आणि माझी परीक्षा संपल्यापासून मी तुमच्या स्कूटरवर मागे. तुम्ही मूळचे ड्राफ्ट्समन, ईडीपीमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या खात्यात, तुम्हाला नंतर टाकलं, तरी शर्टाच्या खिशातली ती बारीक टोकाची पेन्सिल काही सुटली नव्हती. कॉम्प्युटर रूमच्या दाराबाहेर चपला काढायच्या, देवळासारख्या. बाहेर रस्ता वितळतोय आणि आत एसीचा असा गारठा की मी आईचा स्वेटर घालून बसलेय, मे महिन्यात. तुम्ही टेप चढवता, ती फिरायला लागते, आणि मला म्हणता, "दोन तास आहेत. त्या कोपऱ्यातल्या टर्मिनलवर बस. दुसऱ्या कशाला हात लावायचा नाही." हिरवी अक्षरं. तुमचं सी भाषेचं झेरॉक्स केलेलं पुस्तक, ज्याची चाळीस ते पंचावन्न पानं कुणीतरी उलटी शिवली होती. ती पानं मी पुस्तक फिरवून वाचायचे. कुणी शिकवलं नाही मला. दादा तेव्हा सांगलीला हॉस्टेलवर, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष दुसऱ्यांदा करत होता. मी सतरा वर्षांची होते आणि मला पहिल्यांदाच असं काहीतरी सापडलं होतं की ज्याच्यापुढे भूक लागायची नाही.

तुम्ही एकदा मला फाडून खाल्लं होतं, तेही सांगून टाकते. मी लिहिलेलं घड्याळ थांबायचंच नाही, सेकंदाला हजार वेळा वेळ विचारत बसायचं, आणि त्यात सगळं मशीन रखडलं, तुमची टेप मधेच अडकली. तुम्ही ओरडलात, "ही काय तुझी भातुकली आहे का? उद्या सकाळी पगाराचं काम आहे यावर!" मी स्वेटरच्या बाहीत तोंड खुपसून रडले. मग तुम्ही खुर्ची ओढून शेजारी बसलात आणि म्हणालात, "अगं, त्याला जरा झोपू दे. एक सेकंद झोप, ऊठ, वेळ बघ, परत झोप. घड्याळाला पण दम खाऊ द्यावा." एका ओळीचं काम होतं. पुढच्या रविवारी ते न अडखळता चालायला लागलं. घरी जेवणाच्या टेबलावर ग्राफपेपर पसरून आपण आकडे केले, एकेक चौकोन भरत. आणि मी ते चौकोन मोजून चांदण्या टाइप केल्या. पहिल्यांदा पडद्यावर बारा वाजून चार मिनिटं आली तेव्हा तुम्ही टेपकडे पाठ करून उभे राहिलात आणि पाच वाजेपर्यंत, म्हणजे मिनिट बदलेपर्यंत, हललाच नाहीत. चुकले, बारा पाच होईपर्यंत.

एकच गोष्ट मला खटकत होती. ते घड्याळ बरोबर वेळ दाखवायचं. आपल्या घरात बरोबर वेळ दाखवणारं घड्याळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. आईने स्वयंपाकघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे ठेवलेलं होतं, तुमची कंपनीची बस चुकू नये म्हणून. पाच नाही, दहा नाही, सात, कारण घरापासून चौकापर्यंत तुम्हाला सात मिनिटं लागायची. सगळ्यांना माहीत होतं ते पुढे आहे, तरी सगळे त्यालाच बघून पळायचे. घरोघरी असंच असतं म्हणा, फक्त आकडा ज्याचा त्याचा. मग मीही माझ्या घड्याळात खऱ्या वेळेत सात मिनिटं मिळवली. प्रोग्रामच्या अगदी वर त्या साताला नाव दिलं, इंग्रजी अक्षरांत, आई. आई बरोबर सात. तुम्ही वाचून हसलात. म्हणालात, "हे बाहेरच्या कुणाला कळायचं नाही हो." मी म्हटलं, "बाहेरच्यांना दाखवायचंय कुणाला?"

जूनमध्ये एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात, बूट न काढता खुर्चीत बसलात आणि म्हणालात, "पंखा बंद पडून डिस्क गेली गं. कंपनीचा डेटा टेपवरून परत आला, पण तुझं घड्याळ टेपवर नव्हतंच. गेलं." मी दोन दिवस जेवले नाही. कागदावर उतरवून ठेवायचं मला सुचलं नव्हतं, माझीच अक्कल. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला मनगटी घड्याळ आणून दिलंत, किल्लीचं, पांढऱ्या तबकडीचं, काळा पट्टा. "हे नाही जायचं," म्हणालात. मला त्या वेळी वाटलं, माझ्या बाबांसारखे बाबा कुणाचे नसतील. आणि त्यानंतर आठवड्याभरात फॉर्म भरायची वेळ आली. मला कॉम्प्युटरला जायचं होतं, मार्क होते. तुम्ही काय म्हणालात ते अक्षर न अक्षर आठवतंय. "काय आहे त्यात? एक पंखा बंद पडला की महिन्याची मेहनत जाते. बघितलंस ना डोळ्यांनी? औषधांचं तसं नसतं. बी. फार्म. कर, कुठेही गेलीस तरी पोट भरशील." आणि मी केलं. कारण मी डोळ्यांनी बघितलं होतं, नाही का?

तर, शनिवार. लेक म्हणाली, "मम, देअर्स अ रिअली ओल्ड वन." कुठल्याशा विद्यापीठाच्या कोपऱ्यात पडलेला जुन्या प्रोग्रामांचा साठा होता. लोकांनी टेपवरून, फ्लॉपीवरून जमवलेला, आणि अजून कुणी एक हौशी माणूस तो झाडूनपुसून ठेवतो. तिने माहिती वाचून दाखवली. मोठ्या आकड्यांचं घड्याळ, भारतातून आलेलं. आणि खाली त्या सांभाळणाऱ्याची टीप, की हे घड्याळ सात मिनिटं पुढे चालतं, कारण माहीत नाही, वर एक स्थिरांक आहे त्याचा अर्थ लागत नाही, चूक वाटली तर तो शून्य करून घ्या. माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं आणि तव्यावरची पोळी करपली. मी म्हटलं, "चालव ते." "इट मे नॉट कम्पाइल, इट्स लाइक, एन्शंट." "चालव म्हणते ना!" तिने चालवलं. चार-पाच तक्रारी केल्या त्याने, आणि मग काळ्या पडद्यावर हळूहळू, वरून खाली, आकडे आले. तीन वाजून बावीस. साताला कमरपट्टा असतो आपल्या, मधली आडवी रेघ, आणि चार वरून उघडा, पण बाविसात ते दिसत नाहीत, म्हणून मी नुसती बघत बसले. लेकीने ओव्हनवरच्या घड्याळाकडे पाहिलं, तीन पंधरा. मग वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, जे मी या देशात आल्यापासून सात मिनिटं पुढे ठेवलंय आणि ज्यावरून ती माझ्याशी रोज शाळेत जाताना भांडते. तीन बावीस. ती एकदा पडद्याकडे बघते, एकदा भिंतीकडे. "मम," ती हळूच म्हणाली, "इट्स अवर क्लॉक."

त्या क्षणी मी इतकी सुखात होते, बाबा, की आधी हे लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या रागात विसरून जाईन. मला वाटलं, तुम्हाला ते कुठल्यातरी टेपवर सापडलं असेल आणि तुम्ही कुणाला तरी दिलं असेल. मला वाटलं, माझं नाव असेल. मग लेक किंचाळली, "ओ माय गॉड, इट्स मामा! मामा मेड इट!" वरती दादाचं नाव होतं, आडनावासकट, आणि खाली तुमच्या कंपनीच्या खात्याचा पत्ता. कंपनीने ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं त्यांच्या क्लबने घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतलं पहिलं बक्षीस. ती फोन उचलायला धावली, मामाला सांगायला, किती कूल आहे म्हणून. मी इतक्या जोरात "थांब!" म्हणाले की ती जागच्या जागी उभी राहिली. डिस्क गेली नव्हती. तुम्ही बूट न काढता खुर्चीत बसून माझ्याकडे बघून खोटं बोलला होतात. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते हे. आणि त्या स्पर्धेला अट काय होती, तर नुसतं विद्यार्थी असायला हवं. विद्यार्थी तर मीही होते की! माझं नाव लिहायला काय हात मोडले होते तुमचे?

रविवारी बॉटनी डाउन्सला दादाकडे गेले. नवऱ्याला म्हटलं, तू येऊ नकोस, लेकीला सांभाळ. दादा डेकवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कुंड्यांना पाणी घालत होता. वहिनी म्हणाली पोहे टाकते, मी म्हटलं नंतर. त्याच्या अभ्यासाच्या खोलीत त्या स्पर्धेचं प्रशस्तिपत्रक अजून भिंतीवर आहे. ‘विद्यार्थी स्पर्धा, प्रथम क्रमांक’ एवढंच लिहिलेलं, कशाबद्दल ते नाही. आम्ही या देशात नवीन आलो तेव्हा चार महिने त्याच्याकडेच राहत होतो, आणि त्या प्रशस्तिपत्रकावरची धूळ मी फडक्याने पुसायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, माझ्या भावाला यावरच पहिली नोकरी लागली म्हणून. मी छापून आणलेले कागद त्याच्या हातात दिले. म्हटलं, "हे काय आहे?" त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. पण पकडल्यासारखा नाही उतरला. तो म्हणाला, "तुला कळलं होय? बाबांचं आहे ते."

"बाबांचं?"

"हो. त्यांनीच लिहिलंय. मला म्हणाले, तुझं वर्ष गेलंय, नोकरीला दाखवायला काहीतरी हवं, मी एक प्रोग्राम केलाय तो तुझ्या नावाने पाठवतो. मी नको म्हणालो होतो गं. खरंच. पण पाठवून मोकळे झाले होते."

"आणि सात मिनिटं? कधी विचारलं नाहीस, सात का?"

"विचारलं ना. म्हणाले, आपल्या घरचं घड्याळ आहे, तुझ्या आईने लावलेलं." त्याने हातातले कागद दुमडले. "आणि म्हणाले, तिला बोलू नकोस. तिनेही एक घड्याळ केलं होतं, ते गेलं, तिला उगाच वाईट वाटेल."

मी हसले, बाबा. वहिनी आतून बघायला आली, इतकी मोठ्याने हसले. मग त्याला सगळं सांगितलं. रविवार, स्वेटर, उलटी पानं, टेप. म्हटलं, "ते माझं आहे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. बाबांनी सी भाषेत कधी दहा ओळी एकत्र लिहिल्या नाहीत!" तो मटकन खाली बसला, डेकच्या पायरीवरच. पंचवीस वर्षं हा माणूस मिठाची गुळणी धरून बसला होता, तुमचं श्रेय आपण खाल्लं म्हणून. म्हणाला, बाबा गेले तेव्हा त्याला सगळ्यांत जास्त त्याच गोष्टीचं वाईट वाटलं होतं, की त्यांना एकदा जाहीरपणे म्हणता आलं नाही, हे तुमचं आहे. मी त्याच्यावर चिडायला गेले होते. चिडण्यासारखं त्याच्यात काही उरलंच नव्हतं. त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "मी लिहितो त्या माणसाला. नाव बदला म्हणून." मी म्हटलं, "तू काही लिहू नकोस. माझ्या घड्याळाबद्दल मी लिहीन." पोहे गार झाले होते, तरी दोघांनी खाल्ले.

घरी येताना गाडीत मला एकेक कळत गेलं. दादाचं वर्ष गेलं होतं, तुम्ही घाबरला होतात, मुलगा मार्गाला लागायला हवा होता, हे मला समजतं. मला विचारलं असतंत तरी मी दिलं असतं हो! सतराव्या वर्षी तुम्ही मागाल ते मी दिलं असतं. पण तुम्ही मागितलं नाहीत. मला सांगितलंत गेलं, त्याला सांगितलंत मी केलं. दोघांना दोन गोष्टी, आणि दोघांनी एकमेकांशी त्या विषयावर बोलू नये अशी चोख व्यवस्था. ड्राफ्ट्समन ना शेवटी, कुठे फट ठेवली नाहीत. आणि माझं घड्याळ ‘गेलं’ ते पुन्हा माझ्याच विरुद्ध वापरलंत, फॉर्म भरताना. मला त्याचा सगळ्यांत जास्त राग आहे. नावाचा नाही एवढा. मी ईस्ट टामाकीच्या फार्मसीत दिवसभर उभी असते, लोक बरे असतात, काम चांगलं आहे, मी वाईट फार्मासिस्ट नाही. पण ते आयुष्य मी एका न गेलेल्या डिस्कवर विश्वास ठेवून निवडलं. तुम्हाला माहीत होतं ती गेली नाही, आणि तुम्ही मला सही कुठे करायची ते दाखवत होतात.

आणि तुम्ही इथे आला होतात तेव्हा? आई गेल्यानंतरची गोष्ट. दोन महिने राहिलात. मोजे घालून त्यावर जँडल्स अडकवून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, इथल्या भाषेत डेअरीत, पेपर आणायला जायचात आणि दुकानदाराला इथला नमस्कार, "किया ओरा", म्हणायचात, त्याच्यापेक्षा खणखणीत. एका सकाळी तुम्ही स्वयंपाकघरात उभे होतात, मनगटावरचं बघत, भिंतीवरचं बघत. "हे पुढे आहे का गं?" मी म्हटलं, "सात मिनिटं. दुसरं कसं ठेवणार?" बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलात, मग चहा तसाच ठेवून मागच्या अंगणात गेलात आणि लिंबाच्या झाडाशी उभे राहिलात. मला वाटलं, आईची आठवण आली. मी मागे आले नाही, म्हटलं, राहू द्यावं एकटं. त्या दिवशी सांगायचं होतं का हो तुम्हाला? मी मागे आले असते तर सांगितलं असतंत? मला नाही वाटत. तुम्ही लिंबं मोठी झाली आहेत एवढंच म्हणत आत आला असतात.

त्या साठा सांभाळणाऱ्या माणसाला मी लिहिलं. कोण, कुठला, काही माहीत नाही. सगळं सांगत बसले नाही. लिहिलं की हा प्रोग्राम माझा आहे, मी सतरा वर्षांची असताना लिहिला, नाव चुकून माझ्या भावाचं पडलंय, विचारलंत तर तोही तसं सांगेल. ‘चुकून’ लिहिताना दात आवळले, पण परक्याला आपल्या घरातलं काय दाखवायचं. आणि पुरावा म्हणून सात मिनिटं सांगितली. आई, बस, चौक, आणि त्या वरच्या शब्दाचा अर्थ. दोन दिवसांत उत्तर आलं, आणि त्या भल्या माणसाने तर उत्सवच केला. म्हणाला, कित्येक वर्षं लोक ती चूक समजून दुरुस्त करत आलेत, मीही करणार होतो, आता कुणाला करू देणार नाही. टीप बदलली त्याने. तिथे आता लिहिलंय की हे घड्याळ मुद्दाम पुढे आहे, लेखिकेची आई ते तसं ठेवायची. लेकीने ते वाचलं आणि कधी नव्हे ते मराठीत म्हणाली, "आई, तू भारी आहेस." नंतर लगेच इंग्रजीत, बटाटे कधी होणार. आता रोज शाळेतून आली की ती काळी खिडकी उघडते आणि मला शेजारी बसवते. झेरॉक्सची उलटी पानं नाहीत, बाकी सगळं तेच आहे. मला अजून येतं, बाबा. थोडं गंजलंय, पण येतं.

हे पत्र तुम्हाला कुठे पाठवू? लिहून झालं की ते किल्लीचं घड्याळ ज्या डब्यात आहे त्यातच ठेवीन. टाकून द्यायला काढलं होतं ते परवा, मग म्हटलं राहू दे, त्या बिचाऱ्याने काय केलंय. मनगटावर मात्र परत घालणार नाही. तुम्हाला माफ केलं असं काही मी लिहिणार नाही, तशी अपेक्षाही धरू नका. अजून संताप होतो. पोळ्या करताना होतो, गाडी चालवताना होतो.

फक्त एक राहिलं. त्या माणसाने शेवटी अजून एक गोष्ट विचारली होती. म्हणाला, प्रोग्राम छान आहेच, पण मी तो इतकी वर्षं सांभाळला तो खरं तर आकड्यांसाठी. इतके देखणे आकडे मी दुसऱ्या कुठल्या घड्याळात पाहिले नाहीत, तो कमरपट्टा घातलेला सात, तो वरून उघडा चार. ते कुणी काढले? अजून कुणाचं नाव द्यायचं असेल तर सांगा, जागा आहे. मी ते वाचलं तेव्हा जेवणाच्या टेबलावरचा तो ग्राफपेपर आठवला. पेन्सिल तुमच्या हातात होती. मी नुसती शेजारी बसून चौकोन मोजत होते. सगळेच्या सगळे दहा आकडे तुम्ही काढले होते, बाबा, आणि सात तर चार वेळा खोडून परत काढला होता.

मी त्याला लिहिलं, ते पण माझेच.